तुमच्या जागी वाजलेलं व्हायोलिन

नांदेड,
१६ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप ईश्वरप्पा मामांना स्वप्नालीचे शरणार्थ.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. लातूरच्या कार्यक्रमाबद्दल लोक अजून बोलून राहिलेत. तुमचं व्हायोलिन, तनुजाचा तबला आणि माझ्या लॅपटॉपमधले आवाज, असं एकत्र इकडं कुणी ऐकलंच नव्हतं. इथं नांदेडलाही कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं.

काल मामींचा फोन आला. म्हणाल्या, "लातूरहून आल्यापासून ह्यांनी व्हायोलिनला हात लावला न्हाई. इचारलं तर दुसराच इषय काढतात. काय झालं गं तिथं?"

"थकले असतील," मी म्हटलं.

खोटं बोलले, मामा.

शेवटच्या तालमीत तुमचा हात थरथरायला लागला होता. "थंडीनं होतंय, जाईल," तुम्ही म्हणालात. मी घाबरले. पुण्याहून पाहुणे येणार होते. म्हणून पहिल्या तालमीतलं तुमचं वाजवणं मी लॅपटॉपमध्ये ठेवून दिलं आणि कार्यक्रमात संथ भाग आला तसा सभागृहातला तुमच्या माईकचा आवाज बंद करून तेच सोडलं. मामांचेच तर सूर आहेत, असं मनाला समजावलं. टाळ्या पडल्या त्या त्यालाच.

पण तुमचा माईक लॅपटॉपवर वेगळा रेकॉर्ड होत होता. मामींचा फोन ठेवला आणि ते ऐकायला बसले. सुरुवातीला सूर हलतो, तुम्ही त्याला सांभाळून घेता. वाईट नव्हतं, मामा. तालमीपेक्षा जिवंत होतं. मग सूर थांबतो. पुढं शेवटपर्यंत फक्त तुमचा श्वास.

मी तेव्हा मान वर करून पाहिलं होतं, तुमचा हात चालू होता. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. भरल्या सभेत माझं हसं होऊ नये म्हणून तुम्ही तारांना न लावता नुसता गज फिरवत राहिलात. आणि नंतर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "चांगलं झालं, पोरी."

नांदेडच्या लोकांना मी नकार कळवला. तनुजाला सगळं सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही. पुढच्या रविवारी उदगीरला तुमच्याकडे येते. तोवर मामींना काही सांगू नका. त्यांना ते माझ्या तोंडून कळायला हवं.

तुमची शिष्या असं लिहायला आज हात धजत नाही.

भाची,
स्वप्नाली