दादाच्या नंबरावरून

३ फेब्रु., मंगळवार
आधी कबूल करून टाकतो, मग बाकीचं. म्या आज दुपारी मेलेल्या मानसाच्या आवाजात फोन केला. मानूस म्हंजी माझा सख्खा भाऊ, दत्तादादा. नंबर बी त्याचाच. त्याचं सिम माय बंद करू देत न्हाई, दर महिन्याला रिचार्ज मारायला लावती.
फोन लावला अप्पाला. सबस्टेशनचा ऑपरेटर. दादा विजेच्या खांबावर असताना ह्यानंच लाइन चालू केली.
पान्याच्या टाकीवर चढलो, कुनी ऐकू नये म्हनून. तिकडं मोबाइलवर दादाचंच नाव आलं असंल. उचलला, पन बोलंना. म्या म्हनलं, "अप्पा, म्या वरच हाय. आजून उतरलो न्हाई."
लई बेक्कार आवाज आला तिकडून. वासरावानी.
मग म्हनला, "ठाव हाय रे बाबा. तू सांगितलं व्हतं. साहेब म्हनला लाव."
कट केला. वाटलं व्हतं नंतर हसायला येईल. आलं न्हाई.

५ फेब्रु., गुरुवार
नांदेड. म्या, माय, वैनी, वैनीच्या कडेवर पोरगी. कंधारातून एस.टी.त उभ्यानं. कोर्टातून आमाला फुकटात मिळालेल्या वकीलबाई, त्यायच्याकडं.
व.बाईनी पुन्यांदा समजावलं. दादा ज्याच्याकडं कामाला व्हता तो गुत्तेदार म्हनतो, चूक दादाची. त्या दिवशी दादाच्या फोनवरून अप्पाला दोन फोन गेले. पहिला, लाइन बंद करा. दुसरा खांबावरून. अप्पानं लिहून दिलंय की दुसऱ्या फोनात दादा म्हनला, "उतरलो, चालू करा." म्हंजी मरनाऱ्यानं सोताच मरन मागून घेतलं. कोर्टानं हे धरलं तर वैनीला भरपाई मिळनं मुश्किल. आन गावात कायम, दत्ताच येडा.
व.बाई: "दुसऱ्या फोनात काय बोलणं झालं, ते दोघांनाच माहीत. एक बोलू शकत नाही आणि एक खोटं बोलतोय."
म्या खाली बघितलं. बोलू शकत न्हाई तो बी बोलला, बाई.
इचारलं, "बाई, समजा साक्षीदाराला कुनी भेव दाखिवलं तर?"
"कोणी?"
"कुनी बी. समजा."
"समजाबिमजा काही नको, पवन. साक्षीदार धमकावलेला निघाला की केस गेली. आणि धमकावणारा आत." मंग चष्म्याच्या वरून बघत, "दत्ताचा फोन बंद आहे ना?"
"हाव. कवाचाच."
माय खिडकीतून भाईर बघत व्हती. रिचार्ज सोमवारीच मारलंय.

८ फेब्रु., रविवार
गाव मला नकल्या म्हनतंय. खोटं न्हाई. मागं एकदा मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून सरपंचाच्या आवाजात सांगितलं, आज माझ्या घरी गावजेवन, ताट-तांब्या घेऊन या. अर्धं गाव ताट घेऊन उभं! सरपंचीनबाई रडकुंडीला. दादानं मला चपलीनं हानलं, आन मंग सोताच पोट धरून हसला.
समद्यायचे आवाज काढले. मास्तर, कंडक्टर, व.बाईचा बी येतो. दादाचा तेवढा कधी काढला न्हाई. एकदा निस्ता सुरू केला तर तो म्हनला, "पव्या, माझा नको. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडातून ऐकला की मेल्यावानी वाटतं."
मंगळवारी पहिल्यांदा काढला. सराव नसताना एकदम बरोबर आला. त्याचंच भेव वाटून राहिलं.

११ फेब्रु., बुधवार
दादाचा आवाज आता न बोलवता येतो.
कंधारला हॉटेलात म्हनलं, "एक कट चा, साखर कमी." हॉटेलवाला हातातली किटली घेऊन गर्रकन फिरला. दादाची चा व्हती ती. म्या तर साखर डबल घेतो.
घरी आलो. पोरगी अंगनात अनवानी. म्हनलं, "ए बाई, चप्पल घाल." बस, एवढंच. ती माझ्याकडं आलीच न्हाई. पळत दारात गेली, रस्त्याकडं बघत हुबी ऱ्हायली. "बाबा आले."
वैनी चुलीपशी. भाकर करपली.

१५ फेब्रु., शिवरात्र
अप्पा घरी आला. बदली करून घेऊन त्याच्या गावाकडं गेलाय, उदगीरच्या पल्याड. तिथून दोन एस.टी. बदलून इकडं. उपासाचा. हातात केळ्याची फनी. मानूस निम्मा झालाय, गळ्यातलं लिंग तेवढं मोठं दिसून राहिलं.
उंबऱ्याच्या भाईरच बसला. मायला म्हनला, "माय, दत्ता मला फोन करतो."
माय: "काय म्हनतो?"
"पहिल्यांदा बोलला. आता बोलत न्हाई. निस्ता श्वास घेतो. परवा बी आला व्हता."
म्या एकदाच लावलाय! देवाशप्पथ एकदाच.
अप्पा मातीत रेघा मारत बोलला. लाइन न्हाई म्हनून गुत्तेदाराची खडीची मशीन बंद पडली व्हती, सबस्टेशनच्या साहेबाला त्याचे फोनावर फोन. इकडं दादा सांगून राहिला, अप्पा थांबा, म्या वर हाय. साहेब बाजूला हुबा. म्हनला, उतरला असंल, लाव.
"आन म्या लावली, माय. तारखेला कोर्टात असंच सांगतो. नोकरी गेली तर जाऊ दे. त्यानं फोन केला म्हनून सांगतो, न्हाईतर माझी काय छाती व्हती."
माय केळी घेईना. तो तिथंच ठिवून गेला.
तो गेल्यावर दादाचा फोन काढून बघितला. अप्पाला लावलेले कितीतरी फोन. मायच बोलली मागून, "म्याच लावले. तू टाकीवर बोल्ला ते म्या खाली गोवऱ्या थापत ऐकलं. समद्यात वरचा नंबर दाबला. लई शिव्या घालायच्या व्हत्या त्याला. तोंडातून शबूदच निघंना."

१९ फेब्रु., गुरुवार
व.बाईचा फोन. लई खुश. अप्पा त्यायला भेटला, सोमवारी साक्ष देनार. "माणसाचं मन पालटतं बघ, पवन. मी विचारलं असं कसं झालं, तर म्हणाला शिवाची इच्छा."
म्या म्हनलं, "हाव बाई, शिवाचीच."
झोप न्हाई. अप्पाचं खरं बोलनं एकाच गोष्टीवर टिकून हाय, की फोन दादानं केला. नकल्यानं केला हे कळलं तर तो पलटंल. गुत्तेदाराचे मानसं त्याच्या घराच्या चकरा मारून राहिलेच हायत. आन अप्पा खुळा न्हाई. सरपंचाच्या दारात ताट घेऊन आलेल्यायत तो बी व्हता.

२२ फेब्रु., रविवार
उद्या तारीख.
दुपारी दादाचा फोन वाजला. मायच्या मांडीवर. वाजतो हेच आमी इसरलो व्हतो. तिनं हिरवं दाबलं, स्पीकर मला लावायला लावला. वैनी कुंकू पुसलेल्या कपाळाला पदर लावून हुबी.
अप्पा. "दत्ता? ऐकून राहिलास न? म्या नांदेडात आलो. उद्या समदं सांगतो. पन बाबा, लई भेव वाटून राहिलं. एकदा म्हन, माफ केलं. दिस मावळायच्या आत तुझा फोन आला तर कोर्टाची पायरी चढतो. न्हाई आला तर... न्हाई आला तर समजलो म्या."
कट.
वैनीला आत्ता कळलं समदं. माझ्याकडं वळली. मंग म्हनली, "लावू नको, पवनभावजी. त्यायच्या तोंडानं माफ कराय तुमी कोन?"
माय: "लाव."
वैनी: "आत्याबाई!"
माय: "मेलेल्याचं काय जातंय माफ कराय? त्याचं नाव तरी साफ हुईल. लाव रे."
वैनी पोरीला घेऊन आत गेली. कडी लावली.
टाकीवर बसून लिहितो. म्या त्याला माफ केलेलं न्हाई. दादानं केलं असतं का? त्यानं सरपंचाला बी हात जोडले व्हते माझ्यापायी. केलं असतं वाटतं. पन हे त्याचं वाटनं का माझं, आता मला बी कळंना. सराव करून बघितला, "अप्पा, माफ केलं." दादाचाच आला. मंग माझ्या आवाजात म्हनून बघितलं. तवा बी दादाचाच.
उन्हं टाकीवरून उतरून राहिली. खाली माय एकटी. वर बघत न्हाई.
वाचनाऱ्या, ही वही तुझ्या हाती कशी लागली ते इचारत न्हाई. पाया पडतो, कुनाला सांगू नको. व.बाईला नको. अप्पाला तर मेला तरी नको. म्या बटन दाबलं का न्हाई, ते मायला इचारू नको, वैनीला इचारू नको. आन पोरीला कधीच काही बोलू नको. ती आजून दाराकडं बघती.