फौजदारांची रंगसंगती

आदरणीय मामांस, भाच्याचा नमस्कार.

माझं आयुष्य बदललं तो क्षण असा: रविवारी दुपारी, केळीच्या बागेत, माझ्या खांद्यावर बसलेल्या तुमच्या नातीने एका घडाची तांबडी फीत सोडली, पलीकडच्या घडाला बांधली आणि म्हणाली, "आता बघ कसं छान दिसतंय." मला ते खरोखरच छान दिसलं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल, कॉलेज सोडलं ते सोडलं, पत्राची रीतही सोडली. म्हणून आधी रीतीचं. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? मामींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं ताईकडून कळलं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसू लागल्यामुळे तुमचं कठीण झालं असेल. डॉक्टरांनी तुमचं मीठ बंद केलंय, तुम्ही ते चोरून खाता असं मामी म्हणतात आणि तुम्ही नाही म्हणता. मी कोणाचीच बाजू घेत नाही, कारण हल्ली मी सर्वच बाबतीत तटस्थ झालो आहे. (पुढचा मजकूर वाचताना ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.) इकडे ताई बरी आहे. भावजी दिवसभर दवाखान्यात लोकांना तोंड उघडायला लावतात, त्यामुळे घरी आल्यावर स्वतःचं उघडायचा त्यांना कंटाळा येतो. माझा मुक्काम अजून त्यांच्या हॉलमधल्या सोफ्यावरच आहे. सोफ्याला माझ्या पाठीचा आकार आला आहे आणि माझ्या पाठीला सोफ्याचा.

ताईची मुलगी, म्हणजे तुमची नात, पाच वर्षांची झाली. घरात तिला आता सगळे फौजदार म्हणतात, कारण ती कोणालाही कुठेही थांबवून चौकशी करते. पोस्टमनला तिने विचारलं, तुम्ही सगळ्यांची पत्रं वाचता का? तो नाही म्हणाला, तर ही म्हणाली, मग तुम्हाला कसं कळतं ती त्यांचीच आहेत? पोस्टमन त्या दिवसापासून पत्रं जिन्यातच ठेवून जातो. शिवाय तिला पसारा खपत नाही. चपला जोडीने लागतात, बशा आकाराप्रमाणे लागतात, आणि भावजींच्या डोक्यावरचे उरलेले केस एका बाजूला वळलेले लागतात. हा गुण कोणाकडून आला ते कळत नाही. आपल्या घराण्यात तर नाहीच.

आता बागेत का गेलो ते सांगतो. ताईला सांगितलेलं कारण असं की, फौजदारांच्या मते केळी फ्रीजमध्ये तयार होतात आणि हे अज्ञान वेळीच दूर करणं मामाचं कर्तव्य आहे. ताईचे डोळे भरून आले. मी आपणहून काही करतो म्हणालो असं बऱ्याच काळात घडलं नव्हतं. भावजींनी आपल्या कपाटातला नवा पांढरा शर्ट काढून दिला. खरं कारण असं, की त्या बागेत ती काम करते.

ती कोण, हे तुम्हाला ठाऊक नसणार. मी कॉलेज का सोडलं याची घरच्यांनी तुम्हाला निरनिराळी कारणं सांगितली असतील (ताई म्हणते प्रकृती, आई म्हणते ग्रह). खरी हकिगत एवढीच की वर्गात तिने एक प्रश्न विचारला, सर त्यावर हसले, आणि मी उभा राहून सरांना त्यांच्या शिकवण्याबद्दल माझं मत सांगितलं. ते अंमळ लांबलं. मग मी पिशवी उचलून बाहेर पडलो. पाठोपाठ निदान अर्धा वर्ग येईल अशी माझी कल्पना होती. जिन्याखाली बराच वेळ थांबलो. शिपाई तेवढा आला, तोही घंटा द्यायला. ती आत बसून टिपणं काढत होती. दुसऱ्या दिवशी परत जाता आलं असतं, पण तोवर मी इतक्या जणांना "आता मेलो तरी जाणार नाही" असं सांगून बसलो होतो की शब्दाला जागणं भाग पडलं. ती पास झाली, केळीच्या बागेत नोकरीला लागली. आणि गेल्या आठवड्यात मला कळलं, की तिला बढती देऊन कंपनीच्या दूरच्या नव्या बागेवर पाठवणार आहेत, तेही लगेच. म्हणजे विचारायचं तर याच रविवारी. नाहीतर ती तिकडे आणि मी सोफ्यावर.

रविवारी बाग पाहायला लोकांना आत सोडतात. केळीच्या बागेबद्दल तुमची कल्पना काय आहे मला माहीत नाही, माझी होती की हिरवंगार, शांत वगैरे काही असेल. प्रत्यक्षात प्रत्येक घडावर निळी प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली असते, त्यामुळे हजारो झाडं ऑपरेशनच्या कपड्यात उभी आहेत असं वाटतं. (भावजींना घरासारखं वाटलं असतं.) पिशवीच्या तोंडाशी प्रत्येक घडाला एक फीत बांधलेली: कुठे तांबडी, कुठे पिवळी, कुठे पांढरी, कुठे जांभळी, कशाचा कशाला मेळ नाही. ती आमच्या घोळक्यापुढे चालत होती. कमरेला फितींची गुंडाळी, खांद्यावर हलकी शिडी. मला पाहून तिने एकदा भुवया उचलल्या आणि पुन्हा लोकांकडे वळून माहिती सांगू लागली. फार सुंदर सांगत होती. बोलताना ती डावा हात हवेत असा फिरवते, की जणू समोर काही झाकलेलं आहे आणि ती हळूच उघडते आहे. मी तो हात पाहत राहिलो. ती नेमकी त्या फितींबद्दलच बोलत होती, हे मला मागाहून कळलं.

मग घोळका पुढे पॅकिंगच्या शेडकडे गेला आणि आम्ही मागे राहिलो, कारण फौजदारांचे पाय दुखू लागले. मी फौजदारांना खांद्यावर घेतलं आणि बागेतल्या तिला जे विचारायचं होतं त्याची त्यांच्यावरच तालीम सुरू केली. मी म्हणालो, समज, एखादा माणूस एखाद्या व्यक्तीला म्हणाला, की बरेच दिवस एक गोष्ट मनात आहे. फौजदारांनी विचारलं, मग त्याने आधी का नाही सांगितली? मी म्हणालो, त्याला धीर झाला नाही. फौजदार म्हणाल्या, म्हणजे तो भित्रा आहे. तालमीचा उत्साह तिथेच संपला. तेवढ्यात वरून वरिष्ठांची दुसरी तक्रार आली, की एका ओळीत इतके रंग म्हणजे पसारा आहे. मघाशी सांगितलेला क्षण तो हाच. तांबड्या फिती एका ओळीत, पिवळ्या दुसऱ्या, पांढऱ्या तिसऱ्या, असं फौजदारांनी ठरवलं आणि मी वाहनाचं काम केलं. मामा, तुमच्यापासून काय लपवायचं, दोन ठिकाणी रंगसंगती मीच सुचवली. जांभळ्याशेजारी पिवळा उठून दिसतो. माझी समजूत होती की पाहुण्यांसाठी केलेली सजावट आहे आणि सजावट करणाऱ्याला नजर नाही. ती परत येऊन या ओळी पाहील, विचारेल हे कोणी केलं, आणि तिथून विषय काढायचा, असा माझा बेत होता. त्यातलं "हे कोणी केलं" एवढं अगदी बेताप्रमाणे झालं.

झालं असं, की घड कापणारे दोघे आले. एक कोयता घेऊन, दुसरा घड झेलायला खांद्यावर गादी बांधून. त्यांनी तांबडी फीत पाहिली, घड कापला, पिशवी काढली आणि दोघेही त्या घडाकडे बघत राहिले. आत माझ्या करंगळीएवढी केळी. दुसरा कापला, तोही तसाच. कोयतेवाला म्हणाला, "बाईंना बोलवा. घड उलटे वाढायला लागलेत."

ती आली. तिने ओळीकडे पाहिलं, पुढच्या ओळीकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, फिती कोणी हलवल्या? फौजदार अभिमानाने म्हणाल्या, "मी. मामाने उचललं होतं."

(मामा बनवणे हा वाक्प्रचार भाषेत कसा आला असेल, यावर त्या क्षणी मी बराच विचार केला.)

तर मामा, त्या फिती म्हणजे घडांचा जन्मदाखला असतो. पिशवी घातली त्या आठवड्याचा एक रंग. पुढच्या आठवड्यात दुसरा. घड तयार व्हायला किती आठवडे लागतात ते ठरलेलं, त्यामुळे कापणाऱ्यांना सकाळी एक रंग सांगितला की झालं. पिशवीत डोकवायचं कारण नाही. फीत गेली की घडाचं वय गेलं. आणि त्या ओळींतली प्रत्येक फीत तिने स्वतः, शिडीवर चढून बांधली होती. जाण्याआधी सगळं सुरळीत लावून नव्या माणसाच्या हाती द्यायचं, ही तिची शेवटची जबाबदारी होती.

एवढ्यात व्यवस्थापक आले. ओळी पाहून ते तिला म्हणाले, की पाहुण्यांवर लक्ष ठेवणं हे तुमचं काम आहे, आणि इथली चार झाडं सांभाळता येत नसतील तर नव्या बागेचा पुन्हा विचार करावा लागेल. झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढे होऊन त्यांना सांगितलं की त्यांच्या बागेचं वय जर चिंधीवर अवलंबून असेल तर दोष चिंधीचा आहे, की स्त्रियांशी कसं बोलावं हे ज्याला कळत नाही त्याच्याकडे काम करण्यात अर्थ नाही, आणि मी या क्षणी राजीनामा देतो. व्यवस्थापकांनी विचारलं, कसला? मी फौजदारांचं बोट धरून फाटकाच्या दिशेने वळलो.

"थांब," ती म्हणाली. "वर्गातसुद्धा मी तुला माझ्यासाठी भांडायला सांगितलं नव्हतं. तू तावातावाने निघून गेलास, आणि पुढचं वर्षभर सर मला 'तुमचा वकील कुठे आहे' म्हणून विचारत होते. आज जायचं नाही. शिडी धर."

मी शिडी धरली.

दुपारभर आम्ही एकेक पिशवी उघडत होतो. कोवळ्या केळ्याच्या कडा बोटांना टोचतात, भरत आलं की त्या गोल होत जातात. ती घडात हात घालून चाचपायची, रंग सांगायची, फौजदार गुंडाळीतून तो काढून द्यायच्या आणि मी बांधायचो. फौजदार फार शिस्तीत वागल्या. आता ज्याचं त्याला मिळतंय, असं त्यांचं मत पडलं. केळीचा चीक सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळा होतो, आणि तो जन्मात निघत नाही. भावजींचा शर्ट आता ओळखू येत नाही. त्यांनी तो पाहिला, तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्या घरात याला भांडण म्हणतात.

शेवटच्या ओळीला मी विचारलं. तालीम केलेलं काहीच आठवलं नाही. ती शिडीवर, मी खाली, त्यामुळे विचारलं ते तिच्या चपलांना. तिने पुढचा घड चाचपून रंग सांगितला. मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग वरून आवाज आला: "तू आजवर एक तरी गोष्ट शेवटपर्यंत केली आहेस?" मी म्हणालो, ही ओळ. ती म्हणाली, ओळ अजून संपायची आहे. ओळ संपली. ती खाली उतरली, हात पुसले आणि म्हणाली की तिच्या जागेवर अजून माणूस ठरलेला नाही. ती व्यवस्थापकांशी बोलली. ते मला ठेवायला तयार झाले (राग विसरून नव्हे, तर फीत हलवली की काय होतं हे आता माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही म्हणून). एक वर्ष तिथे टिक, मग मला विचार, असं ती म्हणाली. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. म्हणजे मी तिच्या बागेत जाणार आणि ती तिथून जाणार. एवढा न्याय फक्त माझ्याच वाट्याला येतो. मात्र मी या सगळ्याकडे तटस्थपणे पाहतो. आज संध्याकाळच्या बसने ती जाते आहे आणि मी निरोप द्यायला जाणार नाही, कारण उगाच गळ्यात पडल्यासारखं दिसतं. तुमच्याकडे माझं काही मागणं नाही. खुशाली कळावी, एवढाच हेतू.

तब्येतीला जपावं, मीठ बेतानेच चोरावं.

तुमचा भाचा

ता. क. एक मागणं आहे. ताईने मी पुन्हा कॉलेजात जाणार असं गावभर सांगितलंय. केळीच्या बागेतली नोकरी ही बऱ्या घरच्या मुलाने करण्यासारखी आहे, असं तिला तुम्ही वडीलकीच्या नात्याने लिहावं. तिला ते माझ्याकडून ऐकायचं नाही.

ता. क. दुसरा. खरं मागणं वेगळंच आहे. ती नवी बाग तुमच्या गावाला लागूनच आहे, हे वर लिहायचं राहून गेलं. (राहून गेलं नाही, ठेवलं.) तिला राहायला खोली मिळालेली नाही आणि तुमची माडीवरची खोली रिकामी आहे. ती स्वभावाने शांत आहे, मामींना आवडेल. फक्त त्या खोलीतला माझा लहानपणीचा, अंगावर काहीही नसलेला फोटो आधी उतरवावा. आणि मी काय लिहिलंय ते तिला सांगू नये. तटस्थ वगैरे तर मुळीच नको.

ता. क. तिसरा. तुमचं उत्तर येईतो ती पोचलेली असेल, म्हणून तुमचा होकार धरून पत्ता एका चिठ्ठीवर लिहिला आहे. तिने तो घेतला तर त्याचा अर्थ काय, हे मी विचारणार नाही. नाही घेतला तर ही पानं फाडून टाकावीत आणि मामींना फक्त मिठाबद्दलचं वाचून दाखवावं. हे पत्र वाटेतल्या पेटीत टाकतो. फौजदार आत झोपल्या आहेत. जाग्या झाल्या तर "कुठे, का, कोणाकडे" यात तिची बस चुकायची. चपला हातात घेतल्या आहेत. बाहेर पडतो, दार ओढून घेतो.