बाजूला काढलेले उंदीर

बाबा, तुम्ही गेलात त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तुम्ही मला कधी जाब विचारला नसतात, ते ठाऊक आहे, म्हणून मीच लिहायला बसले. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपून आपण वटारच्या घरी स्वयंपाकघरात बसलोय, तुम्ही वालाच्या शेंगा सोलताय आणि मी प्रयोगशाळेतल्या फुशारक्या मारतेय. उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर कापून काढायचं, टाके घालायचे, आठ-दहा दिवसांत ते जवळजवळ पहिल्याएवढं होतं. पेशीच्या अंगावर वाढीचा निरोप घेणारे रिसेप्टर असतात, ऑपरेशननंतर काही तासांतच ते कमी दिसायला लागतात. मला आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मग कळलं, ते निरोप घेऊन आत जातात आणि पेशी कामाला लागते. तुमचा हात थांबला. "आणि निरोप आला, पण आत उठून कामाला लागणारं कुणी धडधाकट नसलं तर?" मी हसले. "काहीतरीच काय, बाबा!"

दोन वर्षांनी तुमच्याच लिव्हरमध्ये गाठ निघाली. सर्जन म्हणाले, गाठ काढता येईल, पण जुन्या काविळीनं लिव्हर कडक झालंय, धोका आहे, घरी ठरवा. आई होती, काका होते. तुम्ही कुणाकडेच बघितलं नाहीत. "बाय, तू रोज हेच करतेस ना? काय करू?" मी म्हटलं, "करून टाका. कापलेलं परत वाढतं, मी डोळ्यांनी बघते." तुम्ही लगेच सही केलीत.

ऑपरेशननंतर रोज सकाळी तुम्ही विचारायचात, "वाढतंय का गं?" मी म्हणायचे, "वाढतंय, बाबा." डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, तरी मी तेच म्हणत राहिले. नवव्या दिवशी तुम्ही विचारणं बंद केलंत. अकराव्या दिवशी तुम्हाला घरी आणलं, ते पेटीतून.

आता खरं सांगते. उंदराचं पोट उघडल्यावर लिव्हर कडक किंवा डागाळलेलं दिसलं, तर तो उंदीर आम्ही बाजूला काढायचो. निकाल बिघडतात म्हणून. आजारी लिव्हर वाढताना मी एकदाही बघितलं नव्हतं, बाबा. एकदाही नाही! जळो माझं ते शिक्षण. सगळे म्हणतात, तसेही ते राहिले नसते. राहिला नसतात, हे खरं, पण एखादा नाताळ तरी मिळाला असता, आणि तो मला हवा होता.

हे पत्र कबरीवर ठेवावं तर आई वाचेल, आणि तिला मी अजून शहाणीच वाटते. त्या दिवशी बाजूला काढलेले उंदीर मला आठवले नाहीत, असं मी स्वतःला सांगत आले. आठवले होते. पण आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही चारचौघांत माझा सल्ला विचारत होतात, आणि "मला माहीत नाही" म्हणणं माझ्या जिवावर आलं.