हौदातले मासे

कुकटपल्ली,
हैदराबाद, ५ फेब्रुवारी १९९५

ति. बाबांना,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमची लेक अजून नोकरीत टिकून आहे, हेडमास्तर साहेब! पाचवीच्या पोरांना दर शनिवारी मी शाळेमागच्या चेरुवूवर नेते. चेरुवू म्हणजे आपलं तळंच. नव्या आर्थिक धोरणानं भराभर उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यांचं पाणी त्यात येतं, काठाला फेस साचतो. काल मासे वर येऊन तोंडं वासत होते. माझ्या वर्गातली मीना नावाची पोरगी ओक्साबोक्शी रडली. तिचा धाकटा भाऊ विक्रम, पहिलीतला, कायम तिचा फ्रॉक धरून असतो. ताई रडते म्हणून तोही रडला. आपण स्वच्छ पाणी पितो, मग त्यांना का नाही, असं तिनं विचारलं. मी तुमचाच धडा दिला, की दुःखात असेल तो आपला, आणि हात पोचत असेल तर पाठ फिरवायची नाही. काय मन लावून ऐकतात म्हणून सांगू!

आईचा गुडघा कसा आहे? आहे ती माया अशीच राहू द्या.

तुमची,
गीता

नांदेड,
११ फेब्रुवारी

चि. गीतास अ. उ. आ. व जयभीम.

पत्र वाचून ऊर भरून आला. तुझ्या आईनं ते दोनदा वाचून घेतलं आणि शेवटी लग्नाचं काय, हे विचारलंच.

एक मात्र बजावतो. पोरांना कळवळा शिकवलास, बरं केलंस. पण त्या कळवळ्याचं करायचं काय, तेही सांग. नाहीतर पोरं आपल्या अकलेनं काहीतरी करून बसतात. कारखान्यांविरुद्ध अर्ज लिही. मसुदा मी करून पाठवतो. जेवत जा वेळेवर.

तुझे,
बाबा

कुकटपल्ली,
२५ फेब्रुवारी

ति. बाबांना,
जयभीम.

तुमचा मसुदा येण्याआधीच पोरांनी करायचं ते केलं. गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मीना आणि तिच्या मैत्रिणींनी बादल्या भरभरून मासे आणले, चेरुवूच्या पाण्यासकट, आणि शाळेच्या पिण्याच्या हौदात सोडले. त्यांना ठाऊक असलेलं स्वच्छ पाणी तेवढंच होतं, बाबा! रविवारी सुट्टी. मासे आत मेले, सडले. सोमवारी वास येतो म्हणून शिपायानं झाकण काढेपर्यंत सगळी शाळा ते पाणी प्यायली होती. कितीतरी पोरांना जुलाब, उलट्या. बाकीची सावरली. विक्रम परवा नल्लकुंट्याच्या दवाखान्यात दगावला.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचे मुकुंदराव वर्गावर्गात विचारत आले, मासे कुणी टाकले म्हणून. मीना माझ्याकडे बघत होती. धड्यासाठी मीच आणून ठेवले, असं मी सांगून टाकलं. भावाला आपण मारलं, हे त्या पोरीनं जन्मभर ऐकायचं का? नोकरी गेली, त्याचं काही नाही. पण फाटकाशी जमलेल्या लोकांनी माझी जात काढली. पाणी बाटवलं म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मला रागवा, पण अंतर देऊ नका.

गीता

नांदेड,
१ मार्च

चि. गीता,

हे काय करून बसलीस! गावच्या आडात घागर सोडली म्हणून माझ्या बापाची पाठ फोडली होती लोकांनी. पाणी बाटवल्याचा बोल आपल्या घरावर पुन्हा येऊ नये म्हणून मी शिकलो, तुला शिकवलं. आणि तू तो आपणहून अंगावर घेतलास? माझ्यानं सहन होत नाही. परवा निघतो. मुकुंदरावांना खरं काय ते सांगतो. लहान पोर आहे, तिला कुणी फासावर देत नाही.

बाबा

नांदेड,
६ मार्च

चि. गीतास अ. उ. आ.

हैदराबादला येऊन तुला न भेटताच परतलो. तोंड दाखवायचा धीर झाला नाही. मुकुंदरावांकडे जाण्याआधी विक्रमच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. मी कोण ते सांगितलं नाही. त्याच्या आईनं मीनाला पाणी द्यायला सांगितलं. पोरीनं पेला भरला, उजेडाला धरला, आधी स्वतः घोट घेतला आणि पोटावर हात ठेवून थांबली. मग पेला विसळून, पुन्हा भरून मला दिला. आई म्हणाली, भाऊ गेल्यापासून असंच करते, हिनं चाखल्याशिवाय घरात कुणाला पाणी मिळत नाही. आईला काही ठाऊक नाही, गीता. पोरीला सगळं ठाऊक आहे.

मुकुंदरावांकडे गेलो नाही. तू घरी ये. आई वाट पाहते आहे.

बातमी इथवर आली आहे. काल गल्लीतल्या एकनाथरावांनी चारचौघांत विचारलं, तुमच्या लेकीनं म्हणे शाळेचं पाणी बाटवलं, खरं का? मी हो म्हणालो.

तुझे,
बाबा