बाहेरची कोळंबी

बाबा, आज वाघोलीला, तुमच्या हाताखाली शिकलेल्या काकांच्या तळ्यावर जाऊन आले. आता ते तळं चारी बाजूंच्या उंच इमारतींमध्ये अडकलं आहे. तुम्ही असतात तर पाण्यावर ऊन किती वेळ राहतं, हे आधी विचारलं असतंत. टाक्या मात्र तिथेच आहेत, तुम्ही घालून घेतलेल्या पत्र्याच्या छपराखाली, आणि त्यांतली कोळंबीही तुमचीच. म्हणून लिहायला बसले. ती कोळंबी संपत चालली आहे.

मला कर्वेनगरच्या आपल्या स्वयंपाकघरातले ते रविवार आठवतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले लोक सकाळी टेकडीवर जातात. तुम्ही वाघोलीला जाऊन बादल्या भरून आणता. ओट्यावर ताटं मांडलेली आहेत, एका आईबापाची पिल्लं एका ताटात. तुम्ही डोकं काढता, कवच सोलता आणि आईच्या तराजूत नुसतं मांस तोलता. लांब निळ्या नांग्यांचा एक नर मी कौतुकाने उचलते, तर तुम्ही मान वर न करता म्हणता, "ठेव खाली. सगळं वजन डोक्यात आणि नांग्यांत आहे त्याच्या. सभेतला वक्ता आहे तो." आई इतकी हसते की तिच्या हातातला कुकर खाली ठेवावा लागतो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात येतात. "अहो, आपल्याकडे प्रयोग असला की आदल्या दिवशी कळवत चला. आम्ही त्या दिवशी श्वास घेणार नाही." तुम्ही त्यांना आत बोलावता. संध्याकाळी त्याच कोळंबीचं कालवण त्यांच्याकडे जातं, आणि भांडं घासून परत येतं.

त्याच ओट्याशी आपलं मोठं भांडण झालं. ज्याचं मांस तोललं तो जीव तर मेलेला. मग पुढच्या वर्षासाठी वाढवायचा कोण, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, त्याची भावंडं. मी पेटले. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली ती घराणं बघून माणूस जोखणारी रीत मोडायला, मी गावोगाव घसा फोडून तेच सांगते, आणि माझ्या घरात, माझ्या आईच्या ओट्यावर, घराणं बघून निवड? तुम्ही हात धुतलेत, पुसलेत, मग बोललात. "जातवाले एकदा ठरवतात आणि परत कधी तोलून बघत नाहीत. मी दर पिढीला तोलतो. गेल्या वर्षीचं पहिलं घर यंदा शेवटी आलं, तर ते शेवटी." आणि मग, टॉवेल खुंटीला लावता लावता, "शिवाय दर थोड्या वर्षांनी कोकणातल्या नदीवरून बाहेरची आणून मिसळतो. नाहीतर आपापसातच वीण होऊन विरून जातील ही."

पहिलं वाक्य मी आजवर किती व्यासपीठांवरून सांगितलं असेल, मोजलं नाही. त्यावर टाळ्या पडतात. टॉवेल लावताना बोललेलं दुसरं मात्र माझ्या भाषणात कधी आलंच नाही. त्यात काही चमकदार नव्हतं.

काका आता बरेच वाकलेत. छपराखाली शिरताना चपला बाहेर काढतात. तिथल्या तराजूच्या वर तुमचा फोटो आहे, त्याला हार. तुम्ही, बाबा, पाया पडणाऱ्याला "पाय नका धरू, टाकी धुवा" म्हणणारे! तुमच्यानंतर दर वर्षी हा माणूस तुम्ही शिकवलं तसंच तोलत आला, निवडत आला, एकही रविवार न चुकवता.

"ताई, माद्यांना अंडी कमी लागायला लागली हायती," ते म्हणाले. "पिल्लं तगंनात. पाणी बदललं, खाद्य बदललं."

"काका, बाहेरची शेवटची कधी आणली?"

"बाहेरची?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फोटोवरचा हार ओरबाडला. "सायेबांच्या जातीत?"

भरल्या मैदानात मी देव्हारे मोडते, बाबा, आणि या एका माणसापुढे तुमच्याच नावाचा आधार घेतला. मी म्हटलं, "बाबा असते तर त्यांनी कधीच आणली असती."

"सायेब असते तर भ्या कशाचं? बिघडलं तर त्यांनी सुधारलं असतं. ते न्हाईत म्हणून तर जपली." मग हळूच, "मिसळली की ही त्यांची राहनार न्हाय, ताई."

"त्यांची राहणार नाही. जिवंत राहील."

ते टाकीची कड बराच वेळ घासत राहिले. कडेला शेवाळ नव्हतंच. शेवटी म्हणाले, "पोराला सांगतो, नदीवर जाऊन घेऊन ये."

तुम्हाला ठाऊक आहे आता काय होणार. नदीवरच्या कोळंबीला कोणी निवडलेलं नाही. पहिल्याच पिढीत डोकी पुन्हा मोठी होतील, मांस घटेल, तुमचे किती रविवार मागे जातील. तुम्ही असतात तर हे थोडं थोडं होत गेलं असतं, कुणाला जाणवलंही नसतं. आता एकदम होईल, आणि काका पुन्हा ताटं मांडतील. प्रेमाने राखलेली गोष्ट अशी आतून पोकळ होते, आणि राखणाऱ्याला दोष तरी काय द्यायचा? हे मी कुठल्या सभेत सांगू? तुमच्याशी भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही हात पुसून दोन वाक्यांत मिटवलं असतंत.

निघताना फाटकापर्यंत गेले आणि परत आत आले. काकांना म्हटलं, "सगळ्या टाक्यांत मिसळा. कोपऱ्यातली एक तेवढी तशीच राहू द्या."

काका म्हणाले, "ती थोड्या वर्सांत मरंल, ताई."

"माहीत आहे."

ते हसले, थट्टेने नाही, आणि त्यांनी त्या टाकीवरची जाळी नीट ओढून घेतली.

उद्या सभा आहे, विषय तोच. हे कागद भाषणाच्या कागदांत मिसळायला नकोत, म्हणून स्वयंपाकघरात आईच्या तराजूखाली ठेवते आहे. उद्या तुमची दोन्ही वाक्यं सांगेन. कोपऱ्यातल्या टाकीबद्दल मात्र बोलणार नाही.