मास्तरणीचा माल

प्रिय ताई,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं. दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, नऊ वर्षांची सवय आहे, राहू दे. तू निवृत्त होऊन लेकाकडे राहायला गेलीस त्याला आता दोन महिने होतील. प्रयोगशाळेतल्या तुझ्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नव्हते. मागच्या आठवड्यात मीच ती उचलून गोदामात टाकली. का, ते सांगते. पण क्रमानं सांगणार आहे. आधी शेवटचं पान वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, तेवढी या वेळी आवर.

मी कारखान्यात आले तेव्हा मला धड बाटलीचं बूचसुद्धा लावता येत नव्हतं. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीतला शिशाचा गाळ आपल्याकडे येतो, त्यात सिमेंट आणि राख कालवून आपण अंगणात घालायच्या विटा पाडतो, एवढंच ऐकून होते. आणि भीती वाटत होती. पहिल्याच दिवशी तू मला शेजारी बसवून सांगितलंस की शिसं जळत नाही, कुजत नाही, नाहीसं होत नाही, त्याला फक्त बांधून ठेवता येतं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होत जातं तसं ते शिशाला आपल्या आत पकडतं. मग वर पाऊस पडो की पोरं नाचोत, ते सहजी सुटत नाही. पण सिमेंटचा हात आखडता घ्यायचा नाही आणि अठ्ठावीस दिवस पाणी मारायचं, कारण शिसं सिमेंटला लवकर घट्ट होऊच देत नाही. घाई केली तर वीट दिसायला दगड आणि आतून भुसभुशीत, असं तू म्हणाली होतीस. मिश्रणाचं ते प्रमाण तुझं स्वतःचं होतं. तीन वर्षं खपून तू ते बसवलंस, याचा तुझ्यापेक्षा मलाच जास्त अभिमान.

‘मास्तरीण’ हे नाव तूच पाडलंस. पहिल्याच महिन्यात तराजू केसभर चुकतोय म्हणून मी तुझाच अहवाल तुला परत केला होता, तेव्हा. तू रागावशील असं वाटलं होतं, आणि तू पोट धरून हसलीस. त्यानंतर विटांच्या तपासणीच्या अहवालावर सही माझी, असं तू साहेबांकडून ठरवूनच घेतलंस. वीट फोडायची, चुरा आंबट पाण्याच्या बाटलीत घालायचा, बाटली अठरा तास फिरवायची, मग पाणी गाळून त्यात किती शिसं उतरलं ते मोजायचं. हे सगळं मी करायची. नमुन्याच्या विटा मात्र नेहमी तू आणायचीस. आवारात ट्रकची धूळ असते, तुला दमा आहे, तू कशाला मरायला येतेस तिकडे, असं म्हणायचीस. आईनंतर माझ्या दम्याची काळजी तूच केलीस, असं मी बहिणीला कितीदा सांगितलंय. दर महिन्याला सहा विटा माझ्या टेबलावर यायच्या आणि दर महिन्याला त्या पास व्हायच्या.

गेल्या महिन्यात बहीण आजारी होती, म्हणून भाच्याला शाळेत सोडायला मी गेले. त्याच्या बालवर्गासमोरचं अंगण आपल्या विटांचं आहे. मी मिरवतच आत शिरले, बाईंना म्हटलं की या विटा आमच्या, यांच्यावर सही माझी. बाईंनी कौतुकानं एक वीट दाखवली. तिच्यावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता. त्या विटेवर कुणी बसायचं यावरून पोरांची रोज भांडणं होतात म्हणे. मीही हसले. घरी येताना बसमध्ये मात्र एकदम लक्षात आलं. ओल्या विटा आवारात उघड्यावर मांडलेल्या खिडकीतून रोज दिसतात. तिथे कुत्री हिंडतात, पानं पडतात, कोपऱ्यांचे टवके उडतात. आणि गेल्या चार वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या एकाही विटेवर ना पंजा होता, ना पान, ना साधा टवका. मी तराजूचा केसभर फरक पकडणारी बाई, मला हे दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या अंगणाचा फुटका कोपरा रुमालात बांधून आणला आणि तपासला. शिसं मर्यादेच्या अकरा पट. बाटलीला दोष दिला, पाण्याला दिला, माझ्या हातांना दिला. तीनदा केलं, तीनदा तेच. मग तोंडाला फडकं बांधून नऊ वर्षांत पहिल्यांदा मी आवारात गेले. मिक्सरवाल्या काकांना विचारलं, तर ते बिचारे गोंधळलेच. म्हणाले की चार वर्षांपूर्वी साहेबांनी सिमेंट निम्म्यावर आणलं, विटा आठव्या दिवशी गाडीत भरायला लावल्या. आणि तेव्हापासून ताई दर महिन्याला कोपऱ्यातल्या छोट्या साच्यात सहा विटा वेगळ्या पाडायच्या, सिमेंट भरपूर, गाळ चिमूटभर, महिनाभर हौदात बुडवून. आवारात त्याला सगळे ‘मास्तरणीचा माल’ म्हणतात. त्यांना वाटत होतं, मला ठाऊक आहे.

ताई, झाडूवालीपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या नावानं माल कालवला जात होता आणि मी वर बसून पांढरा कोट घालून पोरखेळ करत होते. तू केसानं गळा कापलास माझा. तू म्हणशील, कारखाना बंद पडला असता, चाळीस घरांच्या चुली विझल्या असत्या. असतीलही. पण मग सही तू करायची होतीस. खोटी सही तुझ्या हातून झाली नसती, हे तुलाही माहीत होतं. म्हणून तुला एक अशी बाई हवी होती जी खोटं बोलत नाही. जी मान ताठ ठेवून सही करेल आणि कुणी विचारलं तर डोळ्याला डोळा भिडवून सांगेल. माझ्या ढिलाईचा फायदा घेतला असतास तर मी तुला एव्हाना माफही केलं असतं. तू माझ्या चोखपणाचा घेतलास. माझ्याजवळ दुसरं होतंच काय? आणि तो दमा. आता छाती भरून आली की आधी तूच आठवतेस, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो.

हे सगळं तुला सुनावून मोकळं व्हावं म्हणून लिहिलेलं नाही. मी सोमवारी प्रदूषण खात्याच्या कचेरीत गेले होते. अंगण उखडा म्हटलं. साहेबांचा वकील तिथे आधीच बसला होता. त्यानं माझ्यासमोर अठ्ठेचाळीस अहवाल मांडले आणि विचारलं की या सह्या तुमच्याच ना. खोट्या आहेत का. मी म्हटलं, नाही, जे मोजलं तेच लिहिलंय. मग खात्याचे अधिकारीही म्हणाले की चार वर्षांच्या चोख नोंदी एकीकडे आणि रुमालातून आणलेला एक टवका दुसरीकडे, बाई, तुम्हीच सांगा. फेरतपासणीचा अर्ज घेतलाय, पण नंबर लागायला पाच-सहा महिने. काका कुणापुढे तोंड उघडणार नाहीत, त्यांना नोकरी आहे. शाळेच्या बाईंनी मला फाटकावरच थांबवलं. तुमच्याच सहीवर आम्ही विसंबलो, म्हणाल्या. भाच्याला मी घरी ठेवलंय. उरलेली पन्नास पोरं त्याच अंगणात बसून डबा खातात, आणि खाली सांडलेलं उचलून तोंडात घालतात. माझ्या शब्दाला आता माझ्याच सह्या आडव्या आल्यात. त्या विटा तू पाडल्यास, हे फक्त तू सांगू शकतेस. मला तुझी माफी नको, कारणं नकोत. ये, नाहीतर दोन ओळी लिहून सही करून पाठव. एकदा तू कर सही.

वाट बघणारी, अजूनही तुझीच,
मास्तरीण