आईच्या हातची पेज

बाबा, तुम्ही शेवटपर्यंत आईच्या हातचं खाल्लं नाही, त्याबद्दल मला बोलायचं आहे. तुम्ही होता तेव्हा बोलले असते तर थोबाडीत बसली असती. आता बसणार नाही, म्हणून लिहिते.

मला अजून दिसतं, मुळगावच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही ट्रकवरून येता आणि गळ्यातला रुमाल काढून आधी आईकडे फेकता. रुमाल तांबडा. डिचोलीतल्या सगळ्याच ट्रकवाल्यांचे रुमाल खनिजाच्या धुळीने तांबडे असायचे, दोरीवर पांढरा रुमाल दिसला की समजावं, हा घरी बसून आहे. म्हणूनच तुमच्या नाकातून रक्त येतं हे आईला कळलं नाही. ती बिचारी धूळच काढते आहे असं समजून दगडावर रुमाल घासत राहिली. तुम्हाला कळत होतं, पण तुम्ही गप्प. मग एक कान बंद झाला, मग मानेला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, नाकाच्या मागे काहीतरी वाढलंय, तुकडा काढून तपासू. तर आत्या म्हणाली, "गाठीक सुरी लायल्यार ती पसरता. आदी घाड्याक इचारया." देवाचा कौल सांगणाऱ्या त्या घाड्याने तांदूळ टाकले, मोजल्यासारखे केले आणि सांगितलं, "घरातल्याच हातान पोटात गेलां." घरात रांधणारा हात एकच होता.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा डबा आत्याकडून यायला लागला. आई तरीही तुमच्या वाटणीचं नारळाच्या रसातलं हुमण आणि भात करून ताट झाकून ठेवायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून डब्यातलं खायचात आणि तुमचं ताट संध्याकाळी गाईपुढे जायचं. गाईला कधी काही झालं नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही का हो? पुढे गाठ वाढली, शेवटी हॉस्पिटलात कॅन्सर निघाला, लाइट म्हणजे रेडिएशन देऊन तुमचा घसा आतून सोलला, पाण्याचा घोटसुद्धा उतरेना, तेव्हा ती पेजेची वाटी घेऊन तुमच्याजवळ बसली. तुम्ही वाटी बाजूला सारलीत आणि म्हणालात, "आनी कितला घालतलंस गे पोटात?" बाजूच्या खाटेवरच्या माणसाने मान फिरवली. मी दारात उभी होते. मला तेव्हा तुमचा इतका राग आला की तुमच्या आजाराची दयाही येईना, आणि ती आजही नीट येत नाही.

तुम्ही गेल्यावर आई पेडण्याला मामाकडे राहायला गेली. तिथे ती अजून सगळ्यांचं रांधते, पण वाढत नाही. ताटात घालायचं काम मामीचं. कोणाच्या मुलाच्या हातावर गुळाचा खडासुद्धा ती ठेवत नाही. कोणी तिला तसं सांगितलेलं नाही, तीच मागे सरते. घाड्याचे तांदूळ तिच्या अंगावरून कधी उतरलेच नाहीत.

आता मी काय करते ते ऐका. मी प्रयोगशाळेत ज्या विषाणूवर काम करते तो कांजिण्यांच्या विषाणूच्याच कुळातला आहे. बहुतेक सगळ्यांच्या अंगात तो लहानपणीच येतो, थुंकीतून, आणि जन्मभर झोपून राहतो. तुमच्या, आईच्या, माझ्या, आत्याच्याही अंगात. फार थोड्यांच्या नाकामागच्या पेशींत तो काही प्रथिनं बनवायला लागतो. एक प्रथिन पेशीच्या भिंतीत बसतं आणि बाहेरून कोणी हाक मारली नसताना आत निरोप देत राहतं, वाढ, दोन हो. त्याचे निरोप पेशीचे स्वतःचे ब्रेकसुद्धा ढिले करतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर घाटाच्या उतारावर ॲक्सिलेटरवर कोणीतरी दगड ठेवला आणि ब्रेकची नळी सोडवली. तुमच्याच गाठीत तो होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, तुमचा तुकडा मी पाहिलेला नाही. आणि एवढ्या लोकांतून तो तुमच्यातच का जागा झाला हेही कोणी पुरतं सांगू शकत नाही. पण त्या जागच्या गाठीत बहुधा तोच सापडतो. हुमणातून घातलेलं काहीही तिथे सापडत नाही.

गेल्या रविवारी हे सगळं मी आईला पेडण्याच्या स्वयंपाकघरात सांगितलं. माझी मुलगी नुकती वरचं खायला लागली आहे आणि तिला पहिली पेज आईने भरवावी असा माझा हट्ट होता. मी म्हटलं, "आई, तो जंतू त्यांच्याकडे लहानपणीच आला असणार. बाबाच सांगायचे ना, त्यांची आई चहात बुडवलेला उंडा पाव चावून त्यांच्या तोंडात घालायची? तसाच आला असेल." मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती माझ्यावरच उखडली. "तिचां नाव घेव नको. पोराक भूक लागली म्हणान तिना चावन घातलां. तेच्यात तिचो काय गुन्यांव?" मग गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आनी माजो?"

"तुझाही नाही," मी म्हटलं. एवढंच तुम्ही म्हणायचं होतं, बाबा. तुम्हाला बोलता येत होतं तोवर.

तिने बराच वेळ पेज घोटली, वाटीत काढली, फुंकर मारली. बाळाला मांडीवर घेतलं, चमचा भरला आणि चटका बसतोय का बघायला सवयीने आपल्या ओठाला लावला. मग थबकली. "उष्टां झाला गो. चलात?"

मी म्हटलं, "चलता, घाल." आणि तिने भरवलं. मुलीने अर्धी पेज हनुवटीवरून खाली सांडली आणि आई किती दिवसांनी हसली.

हे कुठे पाठवायचं नाही. तुम्हाला शिव्या घालायला बसले होते आणि त्यातली एकही मी मागे घेत नाही. पण "चलता" म्हणायच्या आधी माझा हात वाटी ओढून घ्यायला पुढे गेला होता. आईने तो पाहिला.